काळ्या कोटाआधीचा अभ्यास

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतून एक ठरावीक संवाद सुरू होतो. गुणपत्रिका मधोमध ठेवून आधी अभियांत्रिकीचा विचार होतो, मग वैद्यकीयचा, त्यानंतर सनदी लेखापालाचा. हे तिन्ही दरवाजे कुलूपबंद आहेत असे दिसू लागले, की घरातील एखादे काका वा आत्याचे यजमान सहज बोलून जातात, "मग वकिली कर की!" या एका 'मग' शब्दात आपल्या समाजाने विधिशिक्षणाला दिलेली जागा नेमकी दिसते. दुसरे काही न जमणाऱ्याने धरायची वाट, अशी वकिलीची प्रतिमा दोन-तीन पिढ्यांच्या मनात घट्ट बसली आहे. ती पुसल्याशिवाय कायद्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाने वा मुलीने आधी काय शिकावे, या प्रश्नाचा गंभीरपणे विचार होणे शक्य नाही.

विसंगती अशी, की त्याच घरात रात्रीच्या जेवणानंतर न्यायालयीन निकालांवर सर्वांत हिरिरीने चर्चा होते. अयोध्येचा निकाल, कलम ३७० विषयीचा निकाल, देवस्थानांच्या व्यवस्थापनाचा प्रश्न, समान नागरी कायदा या साऱ्या विषयांवर आपल्या कुटुंबांतून ठाम मते असतात. न्यायालयाने अमुक मुद्दा ध्यानी घ्यायला हवा होता, तमुक वकिलाने असा युक्तिवाद करायला हवा होता, असेही आवर्जून सांगितले जाते. परंतु तो युक्तिवाद करू शकेल असा वकील घडवण्यासाठी घरातला एक तरी हुशार मुलगा वा मुलगी राखून ठेवावी, असे किती जणांना वाटते? पहिल्या क्रमांकाची बुद्धिमत्ता परदेशातील संगणक कंपनीला द्यायची, आणि राष्ट्रजीवनाचे निर्णायक प्रश्न जिथे सुटतात त्या सभागृहात उरलेसुरले पाठवायचे, हा व्यवहार फार काळ चालणारा नाही. न्यायव्यवस्थेकडून अपेक्षा करणाऱ्या समाजाने तिला माणसेही दिली पाहिजेत आणि ती तयारीची दिली पाहिजेत.

ही तयारी कशाची? कायद्याच्या वर्गात पाऊल टाकण्याआधी विद्यार्थ्याने कोणता विषय शिकलेला असावा? पुष्कळ पालकांची समजूत अशी, की राज्यशास्त्र घेतल्याशिवाय कायद्याकडे जाता येत नाही. काहींना वाटते, विज्ञानशाखेचा विद्यार्थी कायद्याकडे वळला तर त्याची दोन वर्षे फुकट गेली. या दोन्ही समजुतींना नियमांचा आधार नाही आणि इतिहासाचाही नाही.

इतिहासाकडेच प्रथम पाहू. लोकमान्य टिळकांचा आवडीचा विषय गणित होता. डेक्कन महाविद्यालयातून गणितात पहिल्या वर्गाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी १८७९ साली एलएल.बी. पूर्ण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्रज्ञ. कोलंबिया व लंडन येथील त्यांच्या उच्च पदव्या अर्थशास्त्राशी निगडित आहेत आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. बॅरिस्टरी त्यांनी या अभ्यासाच्या जोडीने केली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे उच्च न्यायालयात वकिली करत होते, पण त्यांचा पाया संस्कृतचा होता. वकिलीची शिस्त आणि संस्कृतचे ज्ञान एकत्र आले म्हणूनच १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेला धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाच खंडांचा महाग्रंथ उभा राहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न दिले गेले. संघपरिवारातील वाचकांना जवळची उदाहरणे द्यायची, तर श्रीगुरुजी गोळवलकर बनारस हिंदू विश्वविद्यालयातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. त्यानंतर नागपुरात त्यांनी कायद्याची पदवी घेतली. कामगारक्षेत्रात हयात घालवणारे दत्तोपंत ठेंगडी विधी पदवीधर होते आणि १९९२ साली अखिल भारतीय अधिवक्ता परिषदेची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली.

गणित, अर्थशास्त्र, संस्कृत, प्राणिशास्त्र! या यादीत समान विषय शोधू गेल्यास सापडत नाही. समान आहे ती एकच गोष्ट: प्रत्येकाने कायद्याला हात घालण्यापूर्वी वा घालतानाच एखाद्या विषयाच्या तळापर्यंत जाण्याची सवय लावून घेतली होती. कायदा हा स्वतः हवेत उभा राहत नाही. तो जमिनीविषयी असतो, व्यापाराविषयी असतो, कुटुंबाविषयी, यंत्राविषयी, औषधाविषयी, श्रद्धेविषयी असतो. ज्या गोष्टीविषयी कायदा आहे ती गोष्टच ठाऊक नसलेला वकील केवळ कलमांचे क्रमांक पाठ करणारा कारकून होतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा अलीकडच्या काळात अयोध्येच्या खटल्यानेच दिला. २०१९ साली ६ ऑगस्ट ते १६ ऑक्टोबर या कालावधीत सर्वोच्च न्यायालयात चाळीस दिवस सुनावणी झाली आणि ९ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला. हजाराहून अधिक पानांचे ते निकालपत्र चाळणाऱ्यास जाणवते, की तो खटला केवळ कायद्याच्या पुस्तकावर लढवणे शक्यच नव्हते. २००३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेले उत्खनन समजून घेण्यासाठी पुरातत्त्वशास्त्राची जाण हवी होती. संस्कृत, फार्सी, उर्दू अशा भाषांतील कागदपत्रे तपासण्यासाठी भाषांचे जाणकार हवे होते. प्रवासवर्णने आणि गॅझेटियर यांचे वजन किती, हे सांगण्यासाठी इतिहासाची पद्धत ठाऊक असणे आवश्यक होते. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती कशी ठरते, हे मांडण्यासाठी हिंदू विधिपरंपरेचा व्यासंग लागत होता. रामलल्लाच्या बाजूने उभे राहिलेले ज्येष्ठ विधिज्ञ के. पराशरन त्या वेळी वयाच्या नव्वदीपलीकडे होते. न्यायमूर्तींनी बसून युक्तिवाद करण्याची मुभा दिली असतानाही वकिलाने उभे राहूनच बोलावे ही परंपरा त्यांनी पाळली. त्यांच्या उभे राहण्याचे कौतुक घराघरांतून झाले. त्या उभे राहण्यामागे अनेक दशकांचा जो अभ्यास उभा होता, त्याचे अनुकरण करण्याची तयारी मात्र तेवढ्या घरांतून दिसत नाही.

दुसरे उदाहरण आणीबाणीचे. मिसाखाली घरातील कर्ता माणूस स्थानबद्ध झाला, तेव्हा त्याच्यासाठी न्यायालयात उभा राहणारा वकील म्हणजे काय, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नागरिकाला दाद मागण्याचा मार्ग बंद केला, तेव्हा न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. सरन्यायाधीशपद हातचे गेले, पण मत बदलले नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. त्याआधी, १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे तत्त्व सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने प्रस्थापित झाले. त्यामागे नानी पालखीवाला यांचा युक्तिवाद होता, आणि पालखीवाला हे इंग्रजी साहित्याचे एम.ए. होते. साहित्य शिकून काय होणार, असे विचारणाऱ्या पालकांनी एवढी एक गोष्ट जरूर ध्यानी ठेवावी. शब्दाचा नेमका अर्थ लावणे हाच ज्याचा धंदा, त्याला साहित्याच्या अभ्यासाने मिळणारी शब्दाची पारख मोलाचीच ठरते.

आता नियमांकडे वळू. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ साली केलेल्या विधिशिक्षण नियमांनुसार कायद्याच्या पदवीचे दोन मार्ग आहेत. पहिला, बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. यात बी.ए., बी.कॉम., बी.बी.ए. वा बी.एस्सी. यांपैकी एक पदवी आणि एलएल.बी. अशा दोन्ही पदव्या एकत्र मिळतात. दुसरा, कोणत्याही विद्याशाखेतील पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम. दोन्हींसाठी खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस ४० टक्के गुणांची अट आहे. अमुक विषय घेतलाच पाहिजे, अशी अट कोठेही नाही. बारावीला विज्ञान, वाणिज्य, कला यांपैकी काहीही चालते. एक दक्षता मात्र घ्यावयाची: दहावी-बारावी हे टप्पे वगळून मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी या प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. तसेच कायद्याची पदवी पत्राद्वारे घेता येत नाही. महाविद्यालयास विधिज्ञ परिषदेची मान्यता आहे काय, हे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वीच तपासून घेणे शहाणपणाचे. वर्षे आणि पैसा गेल्यानंतर हा शोध लागल्याने पस्तावणारी कुटुंबे थोडी नाहीत.

महाराष्ट्रात दोन्ही अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा होते आणि ती इंग्रजीबरोबर मराठीतूनही देता येते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे. या व अशा जुन्या महाविद्यालयांतून तुलनेने अल्प शुल्कात शिक्षण मिळते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून क्लॅट ही देशपातळीवरील परीक्षा घेतली जाते. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथील शुल्क वर्षाला लाखांच्या घरात जाते, याची कल्पना कुटुंबास आधीच असावी. क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात आणि जवळजवळ सर्व प्रश्न दिलेल्या उताऱ्यांवर बेतलेले असतात. ज्याला वाचनाची सवय नाही, त्याला शिकवणी वर्गातील दोन महिने ती देऊ शकत नाहीत. बालपणापासून घरात वर्तमानपत्र आणि पुस्तक वाचले जाते काय, याचीच ही परीक्षा म्हणावी लागेल.

पाच वर्षांचा मार्ग घ्यावा की तीन वर्षांचा? सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याचा निश्चय पक्का आहे, ज्याला वाद, तर्क आणि माणसांचे प्रश्न यांत खरोखर रस आहे, त्याने पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेणे योग्य. एक वर्ष वाचते आणि कायद्याच्या वातावरणात सलग पाच वर्षे जातात. परंतु ज्याचा निश्चय झालेला नाही, केवळ मैत्रिणीने अर्ज भरला म्हणून वा अन्यत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून जो या रांगेत उभा आहे, त्याला पाच वर्षांसाठी बांधून टाकणे अन्यायाचे आहे. त्याने आवडीच्या विषयात पदवी घ्यावी. त्यातून निश्चय पक्का झाला तर तीन वर्षांचे एलएल.बी. खुले आहेच, आणि झाला नाही तर हाती पदवी आहे. हा मार्ग कमी प्रतीचा, असे आजवर बोलले जात असे. परंतु पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पायंडा ज्या बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने पाडला, त्याच संस्थेने २०२२ साली पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठाच्या विधी विभागाचे नाव तर अनेक दशके तीन वर्षांच्या अभ्यासक्रमामुळेच झाले.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आली आहे. कायद्याकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास ही सुसंधी आहे. मुख्य विषय ज्यात बुद्धी रमते असा घ्यावा आणि दुय्यम विषय ज्याची पुढे जोड लागेल असा. चार वर्षांची पदवी पूर्ण केलीच पाहिजे असे नाही. तीन वर्षांनंतर मिळणाऱ्या पदवीवरही एलएल.बी.ला प्रवेश घेता येतो.

विषय आणि कायदा यांची सांगड कशी बसते, ते थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास कर, कंपनी कायदा, २०१६ ची दिवाळखोरी संहिता, २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर ही क्षेत्रे जवळची. ताळेबंद वाचता येणारा वकील छोट्या उद्योजकाला किती हवा असतो, हे औद्योगिक वसाहतीत कोणालाही विचारावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास स्पर्धाविषयक कायदा आणि वीजदर, दूरसंचार यांसारख्या नियामक मंडळांपुढील कामे सोपी जातात. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरास तर एक दालन केवळ त्याच्यासाठी राखलेले आहे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पेटंट प्रतिनिधीची परीक्षा देण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आवश्यक असते. हळदीच्या औषधी गुणांवर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट १९९७ साली भारतीय वैज्ञानिक संशोधन परिषदेने लढून रद्द करवले, ते प्राचीन ग्रंथ आणि आधुनिक शास्त्रीय पुरावा दोन्ही पुढे ठेवूनच. आपल्या ज्ञानपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिचे रक्षण कोणत्या तयारीने होते, हे त्यातून शिकावे.

१ जुलै २०२४ पासून ब्रिटिशकालीन दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद नव्या संहितेत आहे. भ्रमणध्वनी, चित्रफीत, संगणकातील नोंदी यांना पुरावा म्हणून मोठे स्थान मिळाले आहे. म्हणजे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र शिकलेल्या वकिलाची गरज फौजदारी न्यायालयात पूर्वी कधी नव्हती एवढी आहे. वसाहतवादी कायदे गेले याचा आनंद योग्यच. नवे कायदे राबवणारी माणसे तयार झाली, तरच तो आनंद सार्थ.

ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या मुलांसाठी आणखी एक क्षेत्र उघडे आहे, ज्याकडे शहरी सल्लागारांचे लक्ष जात नाही. तालुक्याच्या न्यायालयात सर्वाधिक रेंगाळतात ते जमिनीचे दावे. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, कूळकायदा, देवस्थान इनाम ही त्या दाव्यांची भाषा. ज्याचे बालपण शेतात गेले, त्याला बांध आणि वहिवाट म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कृषी पदवीधराने वा इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी लिपी शिकून घेतली, तर जुन्या सनदा आणि इनामपत्रे वाचू शकणारा वकील म्हणून त्याचे स्थान वेगळेच राहील. किती देवस्थानांच्या जमिनी केवळ कागद वाचणारा कोणी उरला नाही म्हणून वादात अडकल्या आहेत! समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समाजकार्य शिकलेल्या तरुणींना कौटुंबिक न्यायालये आणि बालकांविषयीचे कायदे या क्षेत्रांत मोठे काम आहे. मोडकळीस आलेले घर सावरता येते काय, हे पाहण्याची दृष्टी केवळ कलमांतून येत नाही.

विषय कोणताही असो, भाषा मात्र प्रत्येकाला लागते. मराठी माध्यमातील मुलांच्या मनात या बाबतीत अकारण भय असते. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीतून चालते. म्हणजे वकिलाला दोन्ही भाषा हव्यात आणि दोन्ही नेमक्या हव्यात. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांनी स्वतःची बाजू मांडताना सुमारे एकवीस तास भाषण केले. त्यातील एक प्रमुख मुद्दा भाषांतराचा होता. 'केसरी'तील मराठी लेखांचे जे इंग्रजी भाषांतर न्यायालयापुढे ठेवले गेले, ते मूळ अर्थ विपर्यस्त करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय होते. सात विरुद्ध दोन अशा मतांनी लोकमान्य दोषी ठरले आणि सहा वर्षे मंडालेला गेले. मातृभाषेतील वाक्य परक्या भाषेत नेताना एखाद्या शब्दाने काय अनर्थ होऊ शकतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही. म्हणून पदवीच्या वर्षांत मराठी व इंग्रजी दोहोंचे लेखन रोज एक पान तरी करावे. शक्य असल्यास संस्कृतची तोंडओळख करून घ्यावी. मीमांसकांनी वाक्याचा अर्थ लावण्याचे जे नियम शोधले, त्यांचा आधार हिंदू विधीच्या प्रश्नांत न्यायालयांनीही घेतलेला आहे.

या मार्गावरील चुकाही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत घातक चूक म्हणजे पदवीची तीन वर्षे प्रतीक्षालय समजणे. कायद्याला जायचेच आहे, तर बी.ए. कसेही होऊ दे, असे म्हणून 'सोपा' विषय घेणारे आणि वर्गात न बसणारे विद्यार्थी तीन वर्षांनी रिकाम्या हातांनी कायद्याच्या वर्गात येतात. दुसरी चूक, केवळ गुण मिळवून देणारा विषय निवडण्याची. तिसरी, पालकांच्या प्रतिष्ठेसाठी आवाक्याबाहेरचे कर्ज काढून दूरच्या संस्थेत पाठवण्याची. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तरुण वकील तालुक्याच्या न्यायालयात गरिबाचे वकीलपत्र घेऊ शकत नाही. त्याला मोठ्या व्यापारी कंपनीची नोकरीच धरावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची कल्पना पुढे आली ती न्यायालयांना उत्तम वकील मिळावेत म्हणून, आणि तेथील हुशार विद्यार्थ्यांचा ओढा कंपन्यांकडे राहिला, याचे एक कारण हेही आहे.

उपजीविकेचा प्रश्नही झाकून ठेवू नये. वकिलीत पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली बसून फाइली वाचणे, तारखा घेणे, दावे-जबाब लिहिणे यात ती जातात. घराने तेवढा धीर धरला पाहिजे. काही दिलासाही मिळाला आहे. वकील म्हणून नोंदणीसाठी राज्याराज्यांतून आकारली जाणारी भरमसाट रक्कम सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालाने बेकायदा ठरवली आणि कायद्यात सांगितलेले ७५० रुपयेच शुल्क घ्यावे, असे बजावले. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी २० मे २०२५ चा निकाल महत्त्वाचा. कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा घातली. पदवी हाती येताच परीक्षा देऊन न्यायासनावर बसण्याचा हिशेब मांडणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, पक्षकाराचा चेहरा न पाहता, त्याच्या संसाराचा निवाडा करायला बसू नये, हे तत्त्व योग्यच म्हटले पाहिजे.

देशातील न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. त्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. कोणाची जमीन अडकली आहे, कोणाची पोटगी, कोणाचा निवृत्तिवेतनाचा दावा. घटनेच्या कलम ३९-अ ने गरिबाला मोफत विधी साहाय्य देण्याचे राज्यावर बंधन घातले आणि त्यासाठी १९८७ साली कायदाही झाला. कायदा कागदावरून उतरून झोपडीपर्यंत जातो तो माणसाच्या पायांनी. वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्याला रोज भेटणाऱ्या अडचणी पाहिल्या, तर रेशनकार्ड, जातीचा दाखला, घरमालकाची नोटीस, नवऱ्याची मारहाण यांतील निम्म्याहून अधिक अडचणी अखेर कायद्याच्याच असतात. वनवासी पाड्यावर शाळा चालवणाऱ्याला वनहक्काचा अर्ज लिहिता येणारा सहकारी लागतो. सेवेचे एवढे मोठे क्षेत्र समोर असताना वकिलीला 'मग' म्हणून निवडणे हा त्या क्षेत्राचा अपमान आहे.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांना खुले असते. दहावी-बारावीच्या सुट्टीत पालकांनी मुलाला वा मुलीला एक दिवस तालुक्याच्या न्यायालयात नेऊन मागच्या बाकावर बसवावे. साक्षीदार कसा गडबडतो, वकील एक शब्द कसा धरून ठेवतो, न्यायाधीश कसे ऐकतात आणि दाराबाहेर पायरीवर बसलेली म्हातारी कशाची वाट पाहते आहे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ते पाहून घरी आल्यावर ज्याला झोप लागली नाही, त्याच्यासाठी ही वाट आहे. मग त्याने गणित घ्यावे, इतिहास घ्यावा, वाणिज्य घ्यावे वा शेतकी. जे घेईल ते मन लावून शिकावे, भाषा घासून लख्ख करावी आणि ज्ञानाची शिदोरी बांधूनच कायद्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवावे. काका-आत्यांनीही पुढच्या निकालाच्या दिवशी वाक्यातला तो 'मग' गाळून पाहावा. "वकिली कर" एवढेच, आणि तेही घरातल्या सर्वांत हुशार मुलीला सांगावे.